औषध टाकलंय, पाणी सोडू नका

निवृत्तीनंतर लोक विचारतात, नोकरीत काय केलंत? मास्तर सांगतो, पोरं शिकवली. डॉक्टर सांगतो, माणसं वाचवली. मी शेतीखात्यात होतो. कृषी सहायक म्हणून लागलो आणि त्याच्या जरा वर जाऊन थांबलो. मी काय सांगणार? मी मेलेली पिकं बघायला जायचो. किडीनं मेलेली, पाण्यावाचून मेलेली पिकं बघणारे खात्यात पुष्कळ होते. माझ्या वाट्याला आली ती औषधानं मेलेली.

औषध म्हणजे तणनाशक. आमच्याकडे शेतात बाटलीतून जे जे येतं ते सगळं औषध. विष म्हटलं असतं तर लोकांनी ते कडीकुलपात ठेवलं असतं. औषध म्हटल्यामुळे ते मायेनं वापरतात. शेजाऱ्याला उसनं देतात, उरलं तर वाया जाऊ नये म्हणून पलीकडच्या सरीत ओततात. तण मरावं आणि पीक जगावं, एवढंच त्या बाटलीकडून मागणं असतं. ते बिघडलं की मला बोलावणं यायचं. आमचे एक साहेब म्हणायचे, शेतकरी अडाणी आहे म्हणून पिकं जळतात. मी सारी नोकरी जळलेल्या पिकांत उभा राहून काढली आणि माझं मत वेगळं झालं आहे. अडाणीपणानं जेवढी जळली त्याहून जास्त चांगुलपणानं जळली. आणि चांगुलपणा बंद पडल्यावर काय झालं तेही मी बघितलं आहे.

आधी अर्धापूरची गोष्ट सांगतो, म्हणजे मी काय म्हणतो ते ध्यानात येईल. माझी बदली नांदेडकडे झाली होती. अर्धापूरच्या एका केळीवाल्याचा निरोप आला. बागेत गेलो तर कोवळ्या केळीची पानं उलगडायलाच तयार नव्हती. पिळा घालून, एकमेकांत अडकून बसली होती. मालक तापट होता. खतवाल्यानं फसवलं असं म्हणत होता, त्याच्यावर केस करायची म्हणत होता, आणि मधूनच भावकीतल्या एकाचं नाव घेऊन करणीबद्दलही बोलत होता. मी त्याला पंप आणायला सांगितला. पाठीवरचा साधा फवारणीचा पंप. झाकण उघडून नाक लावलं आणि मला पुढचं काही बघायची गरज उरली नाही. तो वास एकदा नाकात बसला की जन्मात जात नाही.

पंप शेजाऱ्यानं नेला होता. त्यानं उसातलं रुंद पानाचं तण मारलं आणि पंप परत करताना पाण्यानं धुऊन, वर नवीन वायसर घालून, तेल लावून दिला. इतका भला माणूस. पण ते औषध एका धुण्यानं जात नाही. नळीत, वायसरच्या फटीत, टाकीच्या कोपऱ्यात ते दबून बसतं. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात पंप रात्रभर भिजवावा लागतो, पुन्हा धुवावा लागतो, आणि एवढं करूनही मी तरी तो पंप केळीत, कापसात नेऊ देणार नाही. ह्या मालकानं दुसऱ्या दिवशी त्याच पंपानं केळीवर करप्याचं औषध मारलं. पिढ्यान् पिढ्या शेजारी, बैल एकमेकांचे, पंप एकमेकांचा.

मी त्याला सांगितलं, तणनाशकाचा पंप वेगळा ठेवा आणि आपला पंप कुणाला देऊ नका. मघापासून खतवाल्याला शिव्या देणारा तो माणूस पंपाचं झाकण लावायला लागला. मग म्हणाला, "शेजाऱ्याला न्हाई म्हनायचं? आज पंपाला न्हाई म्हनलं तर उद्या पान्याला बी न्हाई म्हनावं लागंल, साहेब."

तो सहज बोलून गेला. पण पाण्याला नाही म्हणण्याची गोष्ट मी त्याच्या आधीच बघून आलो होतो, उदगीरच्या बाजूला, नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत.

मी मूळचा मुरुडचा. आमच्या घरी भात सणाला शिजायचा आणि तांदूळ दुकानातून यायचा. भाताचं रोप मी पहिल्यांदा कॉलेजात बघितलं. तरीही मला भाताच्या गावांवर नेमलं, कारण तणनाशकाच्या प्रशिक्षणाला कुणीच जायला तयार नव्हतं आणि मी गेलो होतो. ज्वारीच्या मुलखात भाताचा माणूस म्हणून सहकारी माझी चेष्टा करायचे. लातूर तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. उस्मानाबादेतून वेगळं निघालेलं बिऱ्हाड. पाट्या नव्या, टेबलं जुनी, अर्ध्या फायली अजून तिकडेच. वरच्या साहेबांना घाई होती, नव्या जिल्ह्यात काहीतरी नवं करून दाखवायची. पाऊस मात्र जुन्या जिल्ह्यातही नव्हता आणि नव्यातही आला नाही.

गावाचं नाव लिहीत नाही. नांदेड जिल्ह्याच्या हद्दीला लागून, तेलंगणाच्या बाजूला झुकलेलं. बोलण्यात मराठी, कानडी, तेलुगू सगळं मिसळलेलं. गावाला एक जुना तलाव होता आणि त्याच्याखाली उतारावर पायऱ्यांसारखी भाताची खाचरं. तिथले लोक खाचराला मडी म्हणत. तलावाचं पाणी सगळ्यात वरच्या मडीत यायचं, तिच्या बांधाला एक तोंड असायचं, तिथून खालच्या मडीत, तिथून आणखी खाली. वेगळा पाट नव्हता. वरच्याचं शेत हाच खालच्याचा पाट.

त्यामुळे गावचा एक कायदा होता. वरच्यानं उतरतं पाणी अडवायचं नाही. लावणी झाली की खालच्या घरची बाई ताटात हळदकुंकू घेऊन वरच्या बांधावर यायची, तोंडाला वाहायची, आणि वरचा मालक खोरं न लावता आपल्या हातानं चिखल बाजूला करून पाणी मोकळं करायचा. दुसऱ्या कुणी त्या तोंडाला हात लावायचा नाही. भांडण असो, कोर्टकचेरी असो, ताट आलं की तोंड उघडायचं. मला हे फार आवडलं होतं. मुरुडला आम्ही विहिरीच्या वाटणीवरून तीन पिढ्या बोलत नव्हतो.

बसलिंगअप्पा आणि सरूबाई हे त्या उतारावरचे सख्खे शेजारी. अप्पा वर, सरूबाई खाली. अप्पा लिंगायत, सत्तरीकडे झुकलेले, कपाळावर भस्म, गळ्यात लिंग, आणि शेतात कुठलीही नवी गोष्ट आली की पहिली आपल्याकडे झाली पाहिजे असा सोस. सरूबाई चाळिशीची. तिचा नवरा नामदेव दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचा, त्यामुळे शेत तिच्याच अंगावर होतं. अप्पा तिला लेक म्हणायचे.

सरूबाईच्या घरी एक तांबूस टरफलाची जुनी साळ होती. गावात तिला बाळंतिणीची साळ म्हणत. बाळंतपण कुणाच्याही घरी होवो, पेजेसाठी वाटीभर तांदूळ सरूबाईकडून जायचा. पूर्वी ही साळ चारदोन घरांत होती, पण आधीच्या दुष्काळात लोकांनी बी खाऊन टाकलं. हिच्या सासूनं उपाशी राहून एका मडक्यात राखलं होतं. गावात तेवढंच बी उरलं होतं. माझ्या माहितीत दुसरीकडे कुठेही नव्हतं.

त्या वर्षी अप्पांनी विहिरीच्या पाण्यावर रोप आधीच तयार करून लावणी उरकली आणि मी त्यांना भातातलं तणनाशक वापरायला शिकवलं. ते वाळूत कालवून पातळ पाण्यात फेकायचं असतं. चिखलावर त्याचा एक थर बसतो आणि त्या थरातून जे जे नव्यानं उगवून वर येईल ते मरतं. त्यासाठी पाणी हलता कामा नये. चार दिवस तोंड बंद ठेवा, नाहीतर औषध वाहून जातं, असं मी सांगितलं. पत्रकातही तेच छापलेलं होतं. सरूबाईचं बी तेव्हा अजून मडक्यातच होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं ते सगळं भिजत घातलं, मोड आणले आणि आपल्या मडीच्या चिखलात फेकलं. तलावात पाणी थोडं, वरून ऊन. कोंबांना पाणी हवं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी ती ताट घेऊन अप्पांच्या बांधावर उभी राहिली.

अप्पांना माझं सांगणं आठवत होतं. विसरले असते तर मला इतकं लागलं नसतं. त्यांनी नंतर मला जे सांगितलं ते असं, "तुमी म्हनले पानी सोडलं की औषध वाया जातंय. म्या म्हनलं जाऊ दे. माझ्या मडीत चार गवतं जास्त उगवतील. त्यापायी लेकीचं कुंकू माघारी धाडू का?"

म्हणजे नुकसान आपलं होणार असं समजून त्यांनी ते सोसायचं ठरवलं आणि तोंड उघडलं. त्यांना वाटलं, तिचंही भातच, माझंही भातच, माझं तर मस्त उभं आहे, मग तिचं मरेल कसं? त्यांचा विचार वाकडा नव्हता. पण त्या औषधाला भात ओळखू येत नाही. त्याला फक्त कोवळं ओळखू येतं. अप्पांचं रोप वयात आलेलं, मुळं चिखलात खाली गेलेली, म्हणून ते वाचलं. सरूबाईचे कोंब नुकते डोळे उघडत होते.

आठवड्यानं मी गेलो तेव्हा तिची मडी हिरवी होती, पण चुकीची हिरवी. काळपट. कोंब बोटाच्या पेराएवढे होऊन थांबलेले, पान आतल्या आत गुंडाळलेलं. मी एकेक उपटून चिरून बघत होतो आणि ती माझ्या तोंडाकडे बघत होती. ती बांधावर बसली आणि म्हणाली, "सासूनं उपाशी राहून जपलं व्हतं. म्या पोट भरून घालवलं."

गावानं दुसऱ्या दिवशीपर्यंत निकाल लावून टाकला. अप्पांनी पूर्वी कधीतरी ही जमीन विकत मागितली होती. तेवढं पुरलं. म्हाताऱ्यानं मुद्दाम विष सोडलं म्हणे. नामदेव कामावरून आला तो सरळ अप्पांच्या दारात गेला आणि चारचौघांत त्यांना नाही नाही ते बोलला. अप्पा आत निघून गेले. मी भेटायला गेलो तर दार लोटून बसले होते. मी त्यांना धीर द्यायला म्हणालो की तुम्ही नाही मारलं, औषधानं मारलं. त्यावर ते चिडले.

"आनलं तुमी. टाकलं म्या. सोडलं बी म्या. मंग औषधाचं नाव कामून घेता? त्याला हातपाय हाईत का?"

त्यांच्यावरचा आळ खोटा आहे हे मला गावाला दाखवायचं होतं. मी पारावर दोन जर्मनच्या थाळ्या ठेवल्या. दोन्हींत चिखल, दोन्हींत मोड आलेली साधी साळ. एकीत विहिरीचं पाणी घातलं. दुसरीत अप्पांच्या मडीतलं, पण थोडं औषध नव्यानं मिसळून, कारण एव्हाना तिथला जोर उतरला होता. तेही सगळ्यांच्या समोर, सांगून केलं. लोक येता-जाता बघायचे. थाळ्यांत फरक दिसायला लागला तेव्हा मी सगळ्यांना बोलावलं आणि समजावलं. जाणत्या माणसाकडूनही हे झालं असतं, अप्पांनी तर स्वतःचं नुकसान सोसून पाणी दिलं, एवढं मी घसा फोडून सांगितलं. लोकांना पटलं. नामदेव रांगडा होता पण मनाचा खोटा नव्हता. तो अप्पांच्या घरी जाऊन पाया पडून आला.

आणि एक चांगली गोष्ट घडली. सरूबाईच्या मडीचा एक कोपरा उंच होता. तिथे अप्पांचं पाणी चढत नाही म्हणून तिनं कळशीनं विहिरीचं पाणी घातलं होतं. तेवढ्या कोपऱ्यातले कोंब जगले. मी ते जिवापाड सांभाळायला लावले. सुगीला त्यांचं ओंजळभर बी झालं. ते तिनं मला पदरात दाखवलं तेव्हा नोकरीत पहिल्यांदा मला वाटलं की आपण काहीतरी वाचवलं.

मग मी जोर लावला. उदगीरहून रंगारी आणला आणि तलावाच्या भिंतीवर हातभर अक्षरांत लिहून घेतलं, औषध टाकलंय, चार दिवस पाणी सोडू नका. घरोघर फिरलो. बायकांना सांगितलं, कुंकू घेऊन जाण्याआधी विचारा, औषध टाकलंय का? टाकलं असेल तर चार दिवसांनी जा. शाळेतली पोरंही ते वाक्य घोकायला लागली. वरचे साहेब एकदा येऊन भिंत बघून गेले आणि खूश झाले. मीही खूश होतो, उगीच खोटं कशाला बोलू.

पुढच्या वर्षी दुष्काळ आणखी वाढला. पिण्याच्या पाण्याला टँकर सुरू झाला. गावातल्या विहिरींचे तळ दिसायला लागले, कळशी घालायलाही पाणी उरलं नाही. तलावात जे काही डबकं होतं त्यावर सगळा उतार डोळे लावून होता. सरूबाईनं ओंजळभर बी बाजेएवढ्या जागेत टाकलं, न्हाणीचं सांडपाणी घालून रोप जगवलं आणि मडीच्या एका तुकड्यात लावलं. आता त्याला वरचं पाणी मिळायला हवं होतं.

तलाव सोडला आणि पाणी सगळ्यात वरच्या मडीत आलं. ती व्यंकट नावाच्या तरुण, शिकलेल्या शेतकऱ्याची. खालच्या बायका ताटं घेऊन गेल्या. व्यंकट म्हणाला, औषध टाकलंय, चार दिवस थांबा. त्या परत आल्या. चार दिवसांनी पुन्हा गेल्या, तर म्हणाला, गवत मेलं नाही म्हणून परत टाकलंय. त्याच्या खालच्यानंही तेच सांगितलं, त्याच्याही खालच्यानं. पिढ्यान् पिढ्या ज्या गावात पाण्याला कुणी नाही म्हणू शकत नव्हतं, तिथे आता नाही म्हणायला एक शहाणं, सरकारी, भिंतीवर रंगवलेलं कारण मिळालं होतं. ते मीच पुरवलं होतं.

मला आधी खरंच वाटलं. उदगीरच्या कृषी सेवा केंद्रात दुसऱ्या कामाला गेलो होतो तेव्हा दुकानदाराला म्हटलं, त्या गावचा धंदा यंदा चांगला झाला असेल. तो हसला. दुष्काळात औषधाला कोण पैसे घालतंय, त्या गावचं गिऱ्हाईक यंदा फिरकलंच नाही म्हणाला. तसाच मोटारसायकल वळवून मी व्यंकटच्या मडीत जाऊन उभा राहिलो. बांधाच्या कडेनं सावा, भातातलं नेहमीचं तण, तरारून आला होता. मी सावा उपटून त्याच्या हातात दिला आणि विचारलं, हे कुठलं औषध? त्याची नजर जरासुद्धा खाली गेली नाही.

"साहेब, भिंतीवर तुमीच लिवलंय. तुमीच पुसून टाका," तो म्हणाला.

मी ओरडलो, धमक्या दिल्या, तहसीलदाराचं नाव घेतलं. माझ्या हातात काही नव्हतं आणि त्यालाही ते माहीत होतं. तरी आरडाओरडीचा एवढा उपयोग झाला की चारचौघांत तमाशा नको म्हणून त्यानं तोंड थोडं उघडलं, त्याच्या खालच्यांनीही लाजेकाजेस्तव उघडलं, आणि झिरपत झिरपत पाणी अप्पांच्या मडीत आलं. आता सरूबाईच्या रोपाच्या आणि पाण्याच्या मधे अप्पांच्या बांधाचं एक तोंड उरलं होतं. मला वाटलं, सुटलो. हे तोंड तर अप्पांचं आहे.

सरूबाई ताट घेऊन आली. तिच्या मडीतली भेग बोट जाईल एवढी होती, रोपं पिवळी पडून मान टाकायला लागली होती. मी अप्पांना म्हटलं, यंदा तुम्ही औषध टाकलेलं नाही, उघडा. अप्पा बांधावर उकिडवे बसले होते. हात चिखलात नेला आणि मागे घेतला.

"व्यंकट तर म्हनतोय टाकलंय."

मी म्हणालो, खोटं बोलतोय, त्याच्या मडीत सावा माजलाय.

"सावा मागच्या साली माझ्यात बी माजला व्हता. पानी सोडल्यावर. आनि औषध तर व्हतंच की."

म्हाताऱ्याचं बरोबर होतं. गवत उगवलं यावरून औषध पडलंच नाही असं सिद्ध होत नाही. दुकानदाराला विचारलं म्हणावं, तर बाटली मुखेडहूनही येऊ शकते, देगलूरहूनही. मला नव्वद हिश्श्यांनी माहीत होतं की पाणी चांगलं आहे. शिवाय रोपंही आता मोड आलेली नव्हती, चार पानांची होती, आणि इतक्या पातळ झालेल्या औषधानं त्यांना फार काही झालंही नसतं. हे सगळं मी भराभर बोललो. अप्पा ऐकत होते आणि मान हलवत होते, पण हात पुढे येत नव्हता. शेवटी म्हणाले, माझा हात धजत नाही, साहेब. मी त्यांना म्हटलं मग मी उघडतो. तेव्हा सरूबाई पहिल्यांदा बोलली.

"तुमी खरं सांगा साहेब. हे पानी चांगलं हाय?"

मी हो म्हणालो. पण म्हणायला मला क्षणभर वेळ लागला. खात्री असलेला माणूस या धंद्यात दुसऱ्याचं शेत जाळतो, हे शिकूनच मी तिथवर आलो होतो, आणि तिच्यापाशी तेवढं एकच बी होतं. तिनं तो क्षण बघितला. अप्पांच्या हाताकडे बघितलं. मग ताट उचलून पदराखाली घेतलं आणि उतरून गेली. अप्पा तिथेच बसून राहिले. पाणी त्यांच्या मडीत टेकून होतं, आणि ऊन ते हळूहळू पिऊन टाकत होतं.

आठवडाभरात तिचं रोप वाळलं. मी दोनतीनदा टँकरवाल्याची मनधरणी करून घागरी मागितल्या, त्यानंही पिण्याचं पाणी आहे म्हणून दिल्या नाहीत, आणि त्याला दोष देता येत नाही. बाळंतिणीची साळ संपली ती अशी, औषधाच्या एका थेंबाशिवाय.

लोक म्हणतात, तुमचा सल्लाच चुकला. नाही. सल्ला बरोबर होता आणि आज कुणी विचारलं तर मी तोच देईन. औषध टाकल्यावर पाणी सोडू नये. पण मी ज्या गावाला तो दिला त्या गावात पाणी कशानं चालत होतं ते मी बघितलं होतं आणि त्याचं मला कौतुकही वाटलं होतं. ते किती नाजूक आहे हे मात्र कुठल्या प्रशिक्षणात सांगत नाहीत. भ्यालेल्या माणसाला आणि लबाड माणसाला मी एकच वाक्य दिलं आणि दोघांनीही ते तंतोतंत पाळलं. व्यंकटचा मला राग येतो. तो आजही येतो. अप्पांचा येत नाही, आणि म्हणून ते जास्त सलतं.

त्याच हिवाळ्यात वरच्या साहेबांनी गावात कार्यक्रम ठेवला. तणनाशकानं पीक जळाल्याची तक्रार या वर्षी त्या गावातून एकही आली नव्हती, आणि नव्या जिल्ह्याला दाखवायला असं एक गाव हवंच होतं. पारासमोर मांडव घातला. बायकांना पुढे बसवा असा निरोप होता म्हणून ग्रामसेवकानं बायका पुढे बसवल्या. अप्पा आले नव्हते. व्यंकटनं आभाराचं भाषण फार चांगलं केलं. मग माझ्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला, आणि साहेबांनी मोठ्या हौसेनं समोर बघून विचारलं की यंदा औषधानं कुणाच्या भाताला काही झालं का, कुणीही मोकळेपणी सांगावं.

साहेबांनी पुढच्याच रांगेतल्या सरूबाईकडे हात केला आणि म्हणाले, बाई, तुम्ही सांगा. ती उठून उभी राहिली. तिनं माझ्याकडे बघितलंही नाही.

"न्हाई साहेब," ती म्हणाली. "औषधानं यंदा काय बी झालं न्हाई."

आणि खाली बसली. टाळ्या पडल्या. त्या उतारावर खालच्या अंगाला त्या साली भाताची एक काडीही कापणीला आली नव्हती, आणि हे मांडवातल्या प्रत्येकाला माहीत होतं. साहेब माझ्या कानाशी वाकून म्हणाले, असंच काम चालू ठेवा.